सिस्टर, तुमचा विषय कोणता?

बारावीचा निकाल लागला की वाणगाव, चिंचणी, कासा या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत एक वाक्य ऐकू येते, ‘मुलीला नर्सिंगला घातले.’ वाक्य तिथेच संपते. मुलगा इंजिनीअरिंगला गेला तर शेजारी विचारतो, मेकॅनिकल की कॉम्प्युटर? कुणी डॉक्टर झाला तर लगेच प्रश्न येतो, कसला डॉक्टर? हाडांचा की लहान मुलांचा? नर्सिंगला गेलेल्या मुलीला हा पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. नर्स म्हणजे नर्स. इंजेक्शन देणारी, सलाईन लावणारी, रात्रपाळी करणारी, लवकर नोकरी लागणारी. यापलीकडे त्यात निवडण्यासारखे काही असते, हे मुलीच्या आईवडिलांना ठाऊक नसते. कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर बसलेला माणूसही ते सांगत नाही.

हा न विचारलेला प्रश्न महागात पडतो. मुलीला पडतोच, पण तिच्या पगारापेक्षा, बढतीपेक्षा मोठे नुकसान होते ते तिच्या हाताखालून जाणाऱ्या रुग्णाचे. मुंबईपासून दूर असलेल्या, तज्ज्ञ डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तर ते सर्वांत जास्त होते.

वाणगावचेच बघावे. पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधले हे स्टेशन बाहेरच्यांना माहीत आहे ते इथल्या मिरचीमुळे. पण स्टेशनच्या आजूबाजूचा परिसर डोळ्यांसमोर आणला तर वेगळेच चित्र दिसते. पश्चिमेला चिंचणीचा समुद्रकिनारा आणि मच्छीमारांची वस्ती. दक्षिणेला १९६९पासून वीज देणारे तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आणि त्याच्या जोडीने वाढलेली रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत. पूर्वेला डोंगर चढत जाणारे आदिवासी पाडे, ते थेट जव्हार-मोखाड्यापर्यंत. आणि आता ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेले वाढवण बंदर. ते वाणगावच्याच तालुक्यात. एका स्टेशनच्या आसपास सर्पदंश, रसायनाने भाजलेला कामगार, रक्तक्षयी गरोदर बाई, दीड किलोचे बाळ आणि सिकलसेलच्या कळांनी तळमळणारा मुलगा, असे सगळे रुग्ण भेटतात. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ते पाच वेगळ्या विभागांत जातील. इथे त्यांच्यासाठी आहे ते ग्रामीण रुग्णालय. ग्रामीण रुग्णालय म्हणजे सरकारी कागदावर तीस खाटा. प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ डॉक्टर तिथे असणार नाही, हे सगळ्यांनी मनोमन मान्य केलेले आहे. नर्स मात्र असते. रात्री दोन वाजताही असते. ती काय शिकलेली आहे, हा प्रश्न इथे जिवाशी येऊन भिडतो.

भातलावणीच्या दिवसांतली एक रात्र घ्या. पाड्यावरून मोटारसायकलवर मधे बसवून एका माणसाला आणतात. पायाला काहीतरी चावले आहे, साप कुणी पाहिलेला नाही. विषारी की बिनविषारी, याचा पहिला धागा मिळतो तो एका अगदी साध्या चाचणीतून. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग एकदाच नळी तिरकी करून बघायची. रक्त गोठले नसेल तर घोणशीसारख्या, रक्तावर परिणाम करणाऱ्या सापाची शक्यता मोठी. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली की निष्कर्ष चुकतो. मधेच कुणी हलवून बघितली तरी चुकतो. मण्यार चावलेली असेल तर ही चाचणी काहीच सांगणार नाही. तिथे रुग्णाच्या पापण्या जड होऊ लागल्या का, बोलणे बोबडे झाले का, मान तोलता येते का, हे दर थोड्या वेळाने पाहत राहावे लागते. मण्यार बहुधा झोपेत चावते आणि जखम शोधूनही सापडत नाही, म्हणून ‘काही झालेले नाही’ असे समजून माणसाला घरी पाठवण्याची चूक होऊ शकते. पुढे प्रतिविष सुरू केले की त्याचीच प्रतिक्रिया येऊ शकते. अंगावर पित्त, मग श्वास अडकणे. अॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवलेले असावे लागते. ह्या सगळ्या काळात खाटेजवळ उभी असते ती नर्स. डॉक्टर एकच असेल तर तो त्याच वेळी शेजारच्या खोलीत बाळंतपणात अडकलेला असू शकतो. याला आपत्कालीन परिचर्या म्हणतात आणि तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

कारखान्यांचे घ्या. जानेवारी २०२०मध्ये तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात झालेला स्फोट बोईसरकर विसरलेले नाहीत. त्याआधी आणि नंतरही आगी लागत राहिल्या. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या माणसाला पहिल्या चोवीस तासांत किती सलाईन द्यायचे, याचे एक सूत्र डॉक्टर वापरतात: वजनाच्या प्रत्येक किलोमागे आणि भाजलेल्या प्रत्येक टक्क्यामागे दोन ते चार मिलिलिटर. साठ किलोचा, तीस टक्के भाजलेला कामगार असेल आणि चारचा आकडा धरला तर ते सात लिटरांच्या वर जाते. त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत द्यायचे असते, आणि हे आठ तास रुग्णालयात पोचल्यापासून मोजायचे नसतात, भाजल्यापासून मोजायचे असतात. पण सूत्र हा फक्त आरंभ. पाणी कमी पडते की जास्त होते, हे कळते दर तासाला लघवी मोजून. आणि ती मोजून थेंबांचा वेग बदलणारी व्यक्ती नर्सच असते. बोईसरहून मुंबई शंभरेक किलोमीटर. मधल्या वाटेत मूत्रपिंडे वाचतील की जातील, हे या हिशेबावर ठरते.

कारखान्यातल्या नर्सचे खरे काम मात्र स्फोटाच्या आधीचे आहे. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात अॅम्ब्युलन्स रूम आणि तिथे वैद्यकीय-परिचर्या कर्मचारी हवेत, ही अट १९४८च्या कारखाने कायद्यापासून चालत आलेली आहे. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ही खोली म्हणजे मलमपट्टीचे कपाट. औद्योगिक आरोग्याचे शिक्षण घेतलेली नर्स तिथे कामगाराची फुंकून घेतलेली फुप्फुसाची चाचणी गेल्या वर्षीच्या चाचणीशेजारी ठेवून बघते; कोणत्या प्लँटमधल्या माणसांना हातावर चट्टे उठतात, कुणाला ऐकू कमी येऊ लागले, याची नोंद ठेवते. बंदर आले की क्रेन, कंटेनर, उंचावरची कामे आणि परराज्यातले मजूर येतील. बंदराच्या कौशल्य-प्रशिक्षणाच्या चर्चेत क्रेन चालवण्यापासून सगळे येते. या विषयातल्या नर्सचे नाव त्यात ऐकू येत नाही.

मग बाळंतपण. पालघर जिल्ह्याचे नाव राज्यभरच्या बातम्यांत येते ते बहुतेकदा याच कारणाने, नाहीतर कुपोषणाने. १९९२मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू गाजले. नोव्हेंबर २०२४मध्ये डहाणू तालुक्यातली एक गरोदर स्त्री सिल्वासाला नेताना रुग्णवाहिकेतच दगावली. त्या वेळी चर्चा झाली ती रुग्णवाहिकेतल्या सोयींची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण उपकरणे आपोआप चालत नाहीत.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे माता दगावण्याचे जगभरातले एक मुख्य कारण. ‘अंदाजे किती रक्त गेले’ हे नजरेने सांगण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि नजर बहुधा कमीच सांगते. २०२३मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालये होती आणि दोन लाखांहून अधिक बाळंतपणे. बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी पसरून रक्त मोजायचे, ठरावीक रेघेपर्यंत आले की वाट न पाहता गर्भाशय चोळणे, औषधे, सलाईन आणि तपासणी ही सगळी पावले एकदमच उचलायची. गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण या पद्धतीने ६० टक्क्यांनी घटले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. मोजणारी आणि ठरवणारी प्रशिक्षित सुईण-परिचारिका, एवढेच.

नवजात बाळांबाबत तेच. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळाला जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याची कांगारू पद्धत, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता सुरू केली तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, असे २०२१मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात दिसले. ऐकायला हे आजीच्या शहाणपणासारखे वाटते. प्रत्यक्षात एवढ्याशा बाळाला तासन् तास छातीशी ठेवून त्याचा श्वास, रंग, साखर, तापमान यांवर नजर ठेवणे, नळीने दूध देणे आणि घाबरलेल्या आईला धीर देत बसवणे, हे नवजात-परिचर्येत मुरलेल्या व्यक्तीचेच काम आहे.

सिकलसेलसाठी २०२३मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७पर्यंत आजार हटवण्याचे लक्ष्य आहे. तपासणीची शिबिरे होतात, कार्डे वाटली जातात. त्यानंतर त्या मुलाला दुखण्याचे झटके कशाने येतात, पाणी किती प्यायचे, गोळ्या का थांबवायच्या नाहीत, लग्न ठरवताना कार्ड का बघायचे, हे घरी जाऊन, वारली बोलीत, तीनदा समजावणारी सार्वजनिक आरोग्य परिचारिका नसेल तर कार्ड पत्र्याच्या पेटीत राहते. मनोरुग्णांबाबत तर कायदाच नर्सच्या बाजूने उभा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आरोग्य परिचारिकेला मानसिक आरोग्य व्यावसायिकांत मोजले आहे. हे जिल्ह्यातल्या किती नर्सिंगच्या विद्यार्थिनींना ठाऊक असेल?

शिक्षणाची शिडी तशी उभी आहे. बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा सायन्स घेतलेल्यांना चार वर्षांची बी.एस्सी. जीएनएम झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. एम.एस्सी.ला बालरोग, प्रसूती-स्त्रीरोग, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य आणि वैद्यकीय-शल्य अशा शाखा. याखेरीज भारतीय परिचर्या परिषदेने एकेका वर्षाचे विशेष पदविका अभ्यासक्रम आखून दिले आहेत आणि खेड्यातल्या हुशार मुलीला सर्वांत उपयोगी तेच आहेत: अतिदक्षता, नवजात, कर्करोग, हृदय, मूत्रपिंड, शस्त्रक्रियागृह, आपत्कालीन, भाजलेल्यांची परिचर्या, वृद्धांची परिचर्या, न्यायवैद्यकसुद्धा. अतिदक्षतेतला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे. २०१८मध्ये केंद्राने सुईण-परिचारिकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात दीड वर्षाचे प्रशिक्षण आहे. २०२३च्या राष्ट्रीय परिचर्या व सुईणशास्त्र आयोग कायद्याने १९४७चा जुना कायदा मागे टाकायचे ठरवले. कागदावर काही उणे नाही.

उणे आहे ते शिडी चढून गेल्यावर. सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेची वाट ठरलेली असते: अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहायक अधिसेविका, अधिसेविका. प्रत्येक पायरीवर ती रुग्णाच्या खाटेपासून थोडी दूर आणि रजिस्टर, साठा, ड्युटीचे तक्ते यांच्या थोडी जवळ जाते. डॉक्टर अनुभवी झाला की अधिक अवघड रुग्ण त्याच्याकडे येतात. नर्स अनुभवी झाली की तिला चादरींचा हिशेब मिळतो. बालरुग्ण परिचारिका, मनोरुग्ण परिचारिका अशी काही पदे राज्याच्या सेवेत आहेत, पण मोजकी. नर्स प्रॅक्टिशनरची पदवी घेतली तरी त्या नावाचे पद सरकारी दवाखान्याच्या आकृतिबंधात सहसा सापडत नाही.

या पदनामांतला एक शब्द जाता जाता बघण्यासारखा आहे. परिसेविका, अधिसेविका, आरोग्यसेविका. सगळीकडे ‘सेविका’. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवा आणि गरजू मुलींना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले तेव्हा ‘सेवा’ हा शब्दच त्यांची ढाल होता. त्याशिवाय घरच्यांनी परवानगी दिली नसती. ती ढाल आता अडचण झाली आहे. सेवेला विषय नसतो, सेवेत तज्ज्ञ नसतात आणि सेवेचा जादा भत्ता मागणे बरे दिसत नाही. १२ मे आला की फुले देतात, शपथ घेतात, केक कापतात आणि भाषणांत ‘ममता’ हा शब्द मोजता येणार नाही इतक्या वेळा येतो. ब्रदर मंडळी मागच्या रांगेत अवघडून उभी असतात.

ममतेने काय होते आणि कौशल्याने काय होते, याचा पुरावा मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग १९७३पासून २०१५पर्यंत एका खाटेवर होत्या. ४२ वर्षे. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये त्यांची अवस्था तपासून घेतली तेव्हा त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता, ही गोष्ट नोंदली गेली. लोकांनी त्याला प्रेम म्हटले आणि ते होतेच. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस ठरावीक तासांनी बदलणे, दाबाच्या जागा ओळखणे, त्वचा कोरडी ठेवणे, नळीतून अन्न देताना ते फुप्फुसात जाऊ न देणे हे प्रेमाने आपोआप जमत नाही. एका नर्सने दुसरीला आणि पहिल्या पिढीने पुढच्या पिढीला ते शिकवावे लागते. आणि शिकलेली नर्स त्याच वॉर्डात टिकावी लागते.

नेमके हेच इथे घडत नाही. विशेष नवजात कक्षासाठी नर्सला वेगळे प्रशिक्षण दिले जाते, चार दिवसांचे वर्ग आणि मग मोठ्या केंद्रात दोन आठवडे प्रत्यक्ष निरीक्षण. तिचा हात बसायला पुढे कित्येक महिने लागतात. आणि मग ड्युटीचा तक्ता बदलतो. ती बाह्यरुग्ण विभागात केसपेपर सांभाळते; नवजात कक्षात नवी मुलगी येते, जिला तळहाताएवढ्या पायात सुई कशी घालायची हे कुणी दाखवलेले नसते. गमतीचा भाग असा की हे करू नये, असे सरकारच सांगते. नवजात कक्षाच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांत प्रशिक्षित परिचारिका तिथेच ठेवावी, असे आहे. २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षातल्या नर्सना फिरवू नका, असे आहे. आदेश आहेत. ते पाळले जातात की नाही, हे बघणारे कुणी नाही. त्यात निम्मी माणसे कंत्राटी असली की बदलीचीही गरज उरत नाही. करार संपतो आणि नर्स प्रशिक्षणासकट निघून जाते.

रुग्णालय चालवणाऱ्यांची बाजू खोटी नाही. एका पाळीला दोन नर्स असतील, त्यातली एक रजेवर असेल, तर ‘मी फक्त नवजात बघते’ म्हणणाऱ्या नर्सचे काय करायचे? तीस खाटांच्या ठिकाणी प्रत्येकीला सगळेच यावे लागते. हे खरेच आहे, आणि म्हणून वाणगावला भुलतज्ज्ञ, शल्यतज्ज्ञांच्या धर्तीवर दहा विषयांच्या दहा नर्स मागणे हा शहाणपणा नव्हे. पण प्रसूतिकक्ष, नवजात कक्ष आणि आपत्कालीन टेबल या तीन जागा तरी ठरावीक हातांत हव्यात, आणि उपजिल्हा रुग्णालयांत, म्हणजे डहाणू, कासा, जव्हारला, त्याहून अधिक. उरलेल्या नर्सचे ‘सगळे यावे लागणे’ हीसुद्धा दुय्यम गोष्ट नाही. दुर्गम भागातली सर्वंकष परिचर्या हाच एक विषय आहे, ग्रामीण भागातल्या जनरल डॉक्टरसारखा. त्यालाही अभ्यास, नाव आणि भत्ता लागतो. ‘सगळ्यांना सगळे येते’ या वाक्याचा आज व्यवहारातला अर्थ बहुधा ‘कुणालाच काही खास शिकवलेले नाही’ असा होतो.

संख्येचाही प्रश्न आहे आणि तो कौशल्याच्या प्रश्नापासून तोडता येत नाही. युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा आणि चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास २०१४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका नर्सवर एक रुग्ण जास्त आला की रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती; पदवीधर नर्सचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती ७ टक्क्यांनी घटत होती. युरोपातले आकडे जसेच्या तसे डहाणू तालुक्याला लागू होणार नाहीत. तिथे नर्स चुकली तर मागे सावरायला चार माणसे असतात. इथे मागे रस्ता असतो, सिल्वासाचा, वलसाडचा किंवा मुंबईचा.

दरम्यान, शिकलेली मुलगी काय करते? २०१३पासून डहाणूपर्यंत उपनगरी गाडी आली आहे. वाणगाव, बोईसर, पालघरच्या कित्येक नर्स विरारपुढच्या खासगी रुग्णालयांत जातात, आयसीयूत दोन-तीन वर्षे काढतात आणि मग आखाती देशांची किंवा जर्मनीची तयारी सुरू करतात. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचर्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे जगात २ कोटी ९८ लाख नर्स आहेत आणि ५८ लाखांची तूट आहे. तेव्हा दारे उघडीच राहणार. जाणाऱ्या मुलीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पाड्यावरच्या घराला तिच्या पगाराने पक्के छप्पर येते. तिकडे तिला पहिल्याच मुलाखतीत विचारतात, कोणत्या विभागात किती वर्षे काम केले? ज्या प्रश्नाची गावाने कधी चौकशी केली नाही, त्याचे उत्तर परक्या देशात तिच्या पगाराचा आकडा ठरवते.

नर्सिंगला जाणाऱ्या मुलीने आणि तिच्या पालकांनी म्हणूनच फी विचारण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. कॉलेजला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे पहिले. विद्यार्थिनींना कोणत्या रुग्णालयात पाठवतात, तिथे किती खाटा भरलेल्या असतात, किती बाळंतपणे होतात, नवजात कक्ष आहे का, हे त्याहून महत्त्वाचे. कारण रिकाम्या वॉर्डात उभे राहून मिळवलेली पदवी रात्री दोन वाजता उपयोगी पडत नाही. इमारत आणि बस बघून कॉलेज ठरवू नये. आर्थिक ओढ असेल तर जीएनएम करून नोकरीला लागावे आणि दोन वर्षांनी विशेष पदविका किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावी; ही वाट लांब वाटली तरी अनुभवासह शिकलेले पक्के राहते. शाखा निवडताना अंगचा स्वभावही बघावा. पटकन निर्णय घेणारीला आपत्कालीन विभाग मानवतो. ऐकून घेणारीला मानसिक आरोग्य किंवा दुर्धर आजारांची शुश्रूषा. रक्त बघून पोटात ढवळते म्हणून नर्सिंगच सोडून देणाऱ्या मुलींना शाळांतून, पाड्यांवरून काम करणारी सार्वजनिक आरोग्य परिचारिका असते, हे कुणी सांगतच नाही.

आणि जिल्ह्याने? पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. आरोग्य खात्याने एक साधी यादी तयार करावी, त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. गेल्या पाच वर्षांत नवजात कक्षाचे, कुशल प्रसूतीचे, आपत्कालीन उपचारांचे प्रशिक्षण घेतलेल्या प्रत्येक परिचारिकेच्या पदासमोर दोन रकाने असावेत: प्रशिक्षण कशाचे आणि आज ड्युटी कुठे. पुढच्या १२ मे रोजी केक कापण्याआधी ती यादी प्रत्येक रुग्णालयाच्या फलकावर लावावी.